हरकत कायम ठेवून

यंदा हिवाळ्यात नागपुरात एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला बसलो होतो. एका चमूने रस्त्यासाठी जाणाऱ्या जमिनीवरची एकांकिका केली. मुख्य पात्र साठीचा शेतकरी. पस्तीस मिनिटं तो मोजणीवाल्यांना धुऱ्यावर पाय ठेवू देत नाही. नोटीस फाडतो, बायकोला आडवं झोपायला सांगतो, बापाच्या हातच्या विहिरीची शपथ घेतो. शेवटी साहेब पेन काढतो, एका चिटोऱ्यावर आकडा लिहितो आणि त्याच्या हातात देतो. शेतकरी आकडा वाचतो, चिटोऱ्याची घडी करून बंडीच्या खिशात ठेवतो आणि विचारतो, "सही कोठी करू जी?" अंधार. मग टाळ्या, शिट्ट्या आणि सभागृह दणाणून सोडणारा हशा.

बाहेर चहाच्या टपरीवर वाद पेटला. एक गट म्हणत होता, ही शेतकऱ्याची बदनामी आहे, असले प्रयोग होऊच देऊ नयेत. दुसरा म्हणत होता, हेच वास्तव आहे, आमच्या गावी येऊन पाहा, कालपर्यंत झेंडे घेऊन रस्त्यावर बसलेल्यांच्या दारात आज बोलेरो उभी आहे. पुढचे आठ-दहा दिवस नाटकवाल्या मित्रांच्या घरोघरी हाच वाद ऐकला, आणि दर वेळी तो याच दोन खुंट्यांना बांधलेला होता: शेतकरी विकला जातो की जात नाही.

मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. शेतकरी पैसे घेतो. मीही घेईन, टपरीवर भांडणारेही घेतील. माझा प्रश्न वेगळा आहे. पस्तीस मिनिटं आम्हाला खरी म्हणून दाखवलेली ती हरकत चिटोरा खिशात गेल्यावर कुठं गेली? ती पहिल्यापासून खोटी असेल, तर लेखकाने आम्हाला फसवलं. खरी असेल, तर ऐन मोक्याला त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. पैसा समोर येताच हरकत अशी विरून जाणारी पात्रं आपल्या नाटकांत, मालिकांत, सिनेमांत ढिगाने आहेत. पोरीच्या लग्नाला नकार देणारा बाप, जागा न सोडणारी म्हातारी, साक्ष फिरवणारा शेजारी, फाईल अडवणारा कारकून, सगळे पाकीट दिसेपर्यंत माणसं असतात आणि पाकीट दिसलं की बाहुल्या होतात. माझं म्हणणं असं की माणसात असं घडत नाही. पैसा हरकतीचं तोंड बंद करतो, तिला वाकवतो, कधी दुसऱ्याच दिशेला ढकलतो. पण ती नाहीशी होत नाही. तिचा पुढचा प्रवास टाळणं हा लेखनातला दोष आहे, आणि या दोषाची किंमत नेमकी गरजू पात्रांना मोजावी लागते.

दोन्ही गटांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. प्रयोग बंद पाडा म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही, पण त्यांची जखम खोटी नाही. चारशे माणसं ज्या हशात सामील झाली, त्यात मागच्या रांगांतली खेड्यातून आलेली पोरंही होती आणि त्यांतली काही हसली नाहीत, हे मी पाहिलं. वास्तववाद्यांचं म्हणणं तर आणखी वजनदार आहे. गरिबाला निर्मोही, निष्कलंक दाखवणं हाही एक अपमानच आहे. 'बळीराजा' म्हणून त्याला पोस्टरवर चढवायचं आणि मग पोराच्या फीसाठी त्याने चार पैसे घेतले की तो पोस्टरवरून पडला म्हणायचं, हा क्रूरपणा आहे. शिवाय हरकत घेणाऱ्यांत भाव वाढवून घेण्यासाठी हरकत घेणारेही असतात. संयुक्त मोजणीची तारीख कळताच रातोरात संत्र्याची कलमं रोवणारे आमच्या भागात कुणाला माहीत नाहीत? त्यांना साहित्यात जागा नको, असं कोण म्हणेल?

जागा हवीच. पण मग ते पात्र लिहा ना. टॉर्चच्या उजेडात खड्डे खणणारा माणूस, शेजारी उठेल म्हणून दबलेला त्याचा आवाज, आपण करतोय ते बरोबर की चूक याचा बायकोशी झालेला वाद, सकाळी मोजणीवाला कलमाला हात लावतो तेव्हा त्याच्या छातीत होणारी धडधड. एवढ्यात एक आख्खी एकांकिका आहे, आणि तिच्यात हसू आलं तर ते त्या माणसाच्या हिकमतीतून येईल. आमच्या एकांकिकेतल्या शेतकऱ्याला असा हेतूच दिलेला नव्हता. त्याची शपथ खरी होती, विहीर खरी होती. खोटा होता तो फक्त शेवटचा अर्धा मिनिट, आणि टाळ्या त्याच अर्ध्या मिनिटाला पडल्या.

आता 'वास्तव' या शब्दाकडे वळतो, कारण सगळा भार त्याच्यावर टाकला जातो आहे. जमीन संपादनाचं वास्तव काय आहे? कायद्याने जमीन जाते ती मालकाच्या संमतीवाचूनही जाते. नोटीस येते, मोजणी होते, निवाडा होतो. तुम्ही सही केली नाही तर रक्कम परस्पर जमा करून ठेवली जाते आणि जमीन तरीही जाते. म्हणजे त्या चिटोऱ्यावरचा आकडा ही लाच नव्हती, त्याच्या हक्काचा मोबदला होता, आणि त्याच्या 'हो'ने रस्त्याच्या आखणीत रेघभर फरक पडणार नव्हता. नाही म्हणण्याची सोयच ज्याच्याकडे नाही, त्याने हक्काचे पैसे घेतले तर 'विकला गेला' कसा म्हणायचं? सगळं सभागृह हसलं ते मोबदल्याला लाच समजून.

आणि कायदा या बाबतीत आपल्या एकांकिकेपेक्षा अधिक समजूतदार आहे, हे सांगताना मलाच वाईट वाटतं. १८९४ चा भूसंपादन कायदा इंग्रजांचा. रयतेच्या भावनांची त्यात फार कदर असेल असं कुणी म्हणणार नाही. तरीही त्यात जमिनीच्या बाजारभावावर १५ टक्के जादा देण्याची तरतूद होती आणि कारण स्पष्ट लिहिलेलं होतं: संपादन सक्तीचं आहे म्हणून. १९८४ साली ते ३० टक्के झाले आणि २०१३ च्या कायद्याने १०० टक्के. मराठी सरकारी कागदांत या जादा रकमेला दिलासा रक्कम म्हणतात. म्हणजे जमिनीची किंमत वेगळी आणि मनाविरुद्ध द्यावी लागल्याचं दुःख वेगळं, आणि पहिली चुकती केली म्हणून दुसरं फिटत नाही, एवढं त्या कायद्याला उमगलेलं होतं. त्याच कायद्यात आणखी एक जागा होती, जी आमच्याकडे निरक्षर माणसालाही ठाऊक आहे. पैसे उचलताना पावतीवर लिहायचं, 'अंडर प्रोटेस्ट'. रक्कम घेतली, पण ती पुरेशी आहे हे मान्य नाही, हरकत कायम आहे. असं लिहिलं नाही तर पुढे वाढीव मोबदल्यासाठी भांडता येत नाही.

माझ्या मोठेबाबांची उमरेडकडची मिरचीची जमीन एका कालव्यात गेली. मोठेबाबा चौथी शिकलेले. वकिलाने त्यांना चिटोऱ्यावर देवनागरीत 'अंडर प्रोटेस्ट' लिहून दिलं होतं. पैसे मिळायच्या आदल्या रात्री कंदिलाजवळ बसून एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर ते हे दोन शब्द गिरवत होते. मी शेजारी अभ्यासाला बसलो होतो. जोडाक्षर काही केल्या जमेना. दर वेळी अर्ध्या 'स'वर हात थांबायचा आणि ते पुन्हा वरच्या ओळीकडे पाहायचे. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी त्यांच्यासोबत होतो. टेबलावरच्या माणसाने बोट ठेवून जागा दाखवली, मागे रांग खोळंबली होती, आणि मोठेबाबांनी लिहिलं, 'अंडर प्रोटेस'. 'ट' राहून गेला. मग सही केली, चेक घेतला, टोपी नीट केली आणि बाहेर येऊन कडुनिंबाखाली बराच वेळ काही न बोलता बसून राहिले. आमच्या एकांकिकेचा अंधार झाला असता तो टेबलापाशीच. कडुनिंबापर्यंत नाटक पोचलंच नसतं.

एक आक्षेप असा येतो की एवढं सगळं दाखवायला वेळ कुठं असतो, एकांकिका आहे, कादंबरी नाही. शेक्सपियरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला मांटुआचा औषधविक्या आठवून पाहा. रोमिओ ४० ड्युकट, म्हणजे सोन्याची नाणी, पुढे करून त्याच्याकडे विष मागतो. तो म्हणतो, आहे, पण इथल्या कायद्याने ते विकणाऱ्याला मृत्युदंड आहे. रोमिओ तेच पैसे पुन्हा पुढे करतो आणि तो विष देतो. हरकत घेतली, पैसे पुन्हा पुढे आले, हरकत मागे. बाहेरून पाहिलं तर आमच्या शेतकऱ्याचाच प्रसंग. पण पैसे घेताना तो म्हणतो की होकार माझ्या गरिबीचा आहे, इच्छेचा नाही. आणि रोमिओ उत्तर देतो की मी पैसे तुझ्या गरिबीलाच देतो आहे. वर हेही म्हणतो की तुझ्या विषापेक्षा हे सोनं माणसाच्या जिवाला अधिक घातक आहे. त्या बिचाऱ्या औषधविक्याला सगळ्या नाटकात मोजून सात-आठ ओळी आहेत. तेवढ्यात त्याची हरकत जिवंत राहते, विकत घेणारा स्वतःकडे पाहतो, आणि प्रेक्षकाला हसावंसं वाटत नाही. म्हणजे वेळ नव्हता ही सबब टिकत नाही.

आपल्याकडे तर या विषयाची परंपरा फार जुनी आणि फार धारदार आहे. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली शुनःशेपाची कथा घ्या. हरिश्चंद्राला आपल्या मुलाच्या, रोहिताच्या, बदल्यात वरुणासाठी बळी हवा. रोहिताला रानात भुकेने व्याकुळ झालेला अजीगर्त भेटतो, सोबत बायको आणि तीन मुलं. शंभर गाईंच्या बदल्यात एक मुलगा दे. थोरला बाप सोडत नाही, धाकटा आई सोडत नाही, मधला शुनःशेप जातो. इथपर्यंत ऐकताना आपण अजीगर्ताला दोष देऊ शकत नाही, पोटात आग आहे. पुढे यज्ञात मुलाला यूपाला, म्हणजे बळीच्या खांबाला, बांधायला कुणी तयार होत नाही. अजीगर्त म्हणतो, आणखी शंभर द्या, मी बांधतो. कापायला कुणी धजत नाही. तो म्हणतो, आणखी शंभर द्या, मी कापतो. आणि सुरीला धार लावत येतो. पहिल्या शंभर गाईंत भूक होती, पुढच्या दोनशेंत ती नव्हती. गरज कुठं संपली आणि हाव कुठं सुरू झाली, याची रेघ त्या कथाकाराने गाईंच्या हिशेबात ओढून दाखवली आहे. शिवाय कथा तिथं थांबत नाही. देवांच्या स्तुतीने मुलगा सुटतो, तेव्हा अजीगर्त त्याला परत मागतो, केलेलं पाप जाळतंय म्हणतो, त्या गाई तुलाच घे म्हणतो. शुनःशेप नकार देतो, कारण हे जोडलं जाण्यासारखं उरलेलं नाही, आणि विश्वामित्राचा पुत्र होतो. गाई घेऊन झाल्यावर बापाच्या आत काय उरलं आणि मुलाच्या आत काय तुटलं, हे विचारण्याची बुद्धी इतक्या जुन्या कथाकाराला होती.

महाभारताने तर हाच प्रश्न सर्वांत मोठ्या माणसाला लावला. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर कवच उतरवून पायी चालत भीष्मांकडे जातो. भीष्म त्याला सांगतात, 'अर्थस्य पुरुषो दासो दासस्त्वर्थो न कस्यचित्'. माणूस अर्थाचा दास आहे, अर्थ कुणाचा दास नाही, आणि कौरवांनी मला अर्थाने बांधलं आहे. द्रोण, कृप, शल्य, तिघेही तेच म्हणतात. भर सभेत द्रौपदीच्या प्रश्नाला ज्यांना उत्तर देता आलं नाही त्या पितामहांच्या तोंडून व्यासांनी हे कारण वदवलं, आणि ते लपवलं नाही, की त्यांना हास्यास्पदही केलं नाही. भीष्मांची हरकत शेवटपर्यंत जिवंत आहे. आपल्याला कसं मारायचं ते पांडवांना सांगण्यात ती आहे, शरपंजरी पडल्यावर दुर्योधनाला 'आता तरी थांबव' म्हणण्यात ती आहे. पैशाने बांधलेल्या माणसाच्या मनाचा इतका खोल तपास आपल्या घरात असताना आपण पाकीट दाखवून पडदा पाडतो!

इथं एक गोष्ट मला फार खुपते. भीष्मांना अर्थाने बांधलं, त्याला आपण शोकांतिका म्हणतो. उमरेडच्या शेतकऱ्याने चेक घेतला, त्याला विनोद म्हणतो. व्यवहारातली भाषाही अशीच वाटून दिलेली आहे. शिपायाने घेतली ती चिरीमिरी, साहेबाने घेतली ती भेट. मजुराच्या बायकोने मतासाठी घेतले ते पैसे, संस्थेने कार्यक्रमासाठी घेतली ती देणगी. गावकऱ्याने विरोध मागे घेतला की तो फुटला, आणि तज्ज्ञाने त्याच कंपनीचं सल्लागारपद घेऊन अहवालातला सूर बदलला की ते मानधन. रक्कम ज्याची मोठी त्याला शब्द सभ्य. मग 'किंमत लावताच हरकत विरणारं' पात्र म्हणून रंगमंचावर दर वेळी धोतरवालाच का यावा? ज्याला पैशाची गरज सर्वांत कमी त्याचा होकार हा अधिक मोठा नाट्यविषय नाही का? आकडा लिहिणाऱ्या त्या साहेबाकडे आमच्या एकांकिकेने एकदाही वळून पाहिलं नाही. त्याने पेन काढताना त्याला काय वाटलं? हे त्याने आधी कितीदा केलं होतं? विकणाऱ्याची झडती घ्यायची आणि विकत घेणाऱ्याला सोडून द्यायचं, या न्यायाला वास्तव म्हणवत नाही.

देवलांनी १८९९ साली 'संगीत शारदा'त हे किती नीट सांभाळलं होतं. कांचनभट पैशासाठी लेकीला थेरड्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. त्याला हरकत अशी नाहीच, तो हावराच आहे, आणि देवलांनी तो तसाच पहिल्यापासून उभा केला. पण बापाच्या तोंडून गेलेली हरकत नाटकातून गेली नाही. ती आईच्या, इंदिराकाकूंच्या तोंडी आली, शारदेच्या गाण्यांत आली, कोदंडाच्या धडपडीत आली. बाप हसण्याजोगा आहे, पण त्या हसण्याने मुलीचं दुःख झाकलं जात नाही. (१९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो, तो खरं तर हरबिलास सारडांच्या नावावरून. तरी मराठी माणसाला त्या नावात देवलांची शारदा ऐकू येते, हे त्या नाटकाचं बळ.)

वास्तववाद्यांचं अखेरचं शस्त्र असं की 'प्रत्येकाची एक किंमत असते'. हे वाक्य लोक अनुभवाचं म्हणून सांगतात. अनुभव तपासून पाहू. स्वित्झर्लंडमधल्या वोल्फेनशीसन या गावाजवळ किरणोत्सारी कचरा साठवण्याचा प्रस्ताव होता. १९९३ साली संशोधकांनी तिथल्या रहिवाशांना विचारलं, तुम्हाला चालेल का? निम्म्याहून थोडे अधिक, ५०.८ टक्के, हो म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, भरपाई म्हणून दरवर्षी पैसे मिळाले तर? होकार २४.६ टक्क्यांवर आला. पैसा पुढे केल्यावर हरकत विरली तर नाहीच, उलट होकारच निम्म्यावर आला. देशाची गरज म्हणून जे लोक मान्य करत होते, त्याचाच सौदा झाला तेव्हा त्यांना तो नको झाला. त्याच देशातल्या फ्रीडरिश ड्यूरेनमाटने १९५६ मध्ये उलट बाजू दाखवणारं नाटक लिहिलं. एक धनाढ्य वृद्धा आपल्या कंगाल गावाला अब्जाची रक्कम देऊ करते, अट एकच: तरुणपणी मला फसवणाऱ्या या माणसाचा जीव घ्या. गावाचा प्रमुख माणुसकीच्या नावाने ताड्कन नकार देतो, लोक टाळ्या वाजवतात. मग एकेक जण उधारीवर वस्तू घेऊ लागतो, तीही त्याच माणसाच्या दुकानातून. पायांत नवे पिवळे जोडे दिसू लागतात. कुणीही 'हो' म्हटलेलं नाही, तरी जोडे वाढत जातात. गाव विकलं जातं हे तिथंही आहेच. पण आपण ते घडताना पाहतो, पायरी पायरीने, आणि कुठल्या पायरीवर आपणही उतरलो असतो हे शोधत बसतो.

त्याच १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये, १५ तारखेला, बाबासाहेब आंबेडकर आमच्या या नागपुरात बोलले. आदल्या दिवशी धर्मांतर झालं होतं. त्या भाषणात त्यांनी मेलेली गुरं ओढणं सोडण्याचा मुद्दा काढला. कातडं, शिंगं, हाडं यांचं वर्षाला ५०० रुपयांचं उत्पन्न तुम्ही गरिबांकडून हिरावता, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला होता. त्यांचं उत्तर होतं: मग हे काम तुमच्याच घरच्यांनी करावं, ते ५०० तुम्हालाच मिळतील, आणि वर दरसाल आणखी ५०० मी माझ्याकडून देतो. माणसाला इज्जत प्यारी असते, लाभ नव्हे, असं त्यांनी त्या सभेत सांगितलं. समोर बसलेल्यांहून गरीब कोण होतं? ज्यांना त्या पाचशेची सर्वांत जास्त गरज होती, त्यांनीच ते सोडले होते. आणि फायद्याचा हिशेब मांडणाऱ्यांना वाढवून देऊ केले, तरी कुणी गुरं ओढायला पुढे आलं नाही. किंमत प्रत्येकाची असते म्हणणाऱ्यांनी दीक्षाभूमीवरून जाताना एवढं आठवावं. नागपूरचं वास्तव सांगायचं तर त्यात हेही येतं.

प्रेमचंदांची 'नमक का दारोगा' मला या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करते. वंशीधर मिठाचा चोरटा माल पकडतो. पंडित अलोपीदीन हजारापासून सुरुवात करून चाळीस हजारांपर्यंत चढतो, दारोगा बधत नाही. न्यायालयात अलोपीदीन सुटतो, वंशीधराची नोकरी जाते. मग तोच अलोपीदीन घरी येतो आणि त्याला वर्षाला सहा हजार पगारावर आपल्या साऱ्या मालमत्तेचा कारभारी नेमतो, आणि वंशीधर डोळ्यांत पाणी आणून सही करतो. ही सचोटीची कदर आहे, की चाळीस हजारांत न विरलेली हरकत अखेर पगारात विरली? मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली आणि दोन्ही उत्तरं मला खरी वाटली आहेत. पण हा प्रश्न मनात राहतो तो शेवटी वंशीधराच्या हाताकडे आपलं लक्ष असतं म्हणून. सही तिथंही होते. पण थरथरत्या हाताने होते.

बिकाऊ माणसाची धिंड काढायला नागपूरला कुणी शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे एका बाईचा भला मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते. ती इंग्रजांना सामील झालेल्या भोसल्यांच्या राणी बांकाबाईची, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिच्यामागून भ्रष्टाचाराचे, महागाईचे बडगे, म्हणजे पुतळे, नाचत जातात आणि शेवटी जाळले जातात. मी लहानपणापासून ती मिरवणूक पाहत आलो आहे, ती मला हवीच आहे. पण बडग्या बांबू आणि कागदाचा असतो, आत काही नसावं अशाच बेताने तो बांधलेला असतो. त्याला जाळता यावं हेच त्याचं काम. रंगमंचावरच्या माणसाला त्याच बेताने बांधून त्याला शेतकरी म्हणायचं, हे मला मान्य होणार नाही.

हे सगळं मी त्या एकांकिकेच्या लेखकालाही सांगितलं. तृतीय वर्षाला असलेला, हुशार, तावातावाने बोलणारा मुलगा आहे. स्पर्धेनंतर एका संध्याकाळी तो माझ्या घरी आला. आधी खूप भांडला. प्रेक्षकांना धक्का द्यायचा होता म्हणाला, शेवटाला टाळ्या पडल्या म्हणजे तो पोचला म्हणाला. मी कपाटातून पावतीची झेरॉक्स काढून त्याच्या हातात दिली. 'अंडर प्रोटेस' पाशी तो थांबला. बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "त्या पैशाचं पुढे काय केलं त्यांनी?" मी सांगितलं. सोसायटीचं कर्ज फेडलं, ताईचं लग्न केलं, दादाला मोटारसायकल घेऊन दिली. वाढीव मोबदल्याची केस वर्षानुवर्षं चालली. कालवा शेत कापून गेला, पण पाणी आमच्या बाजूला कधी उतरलं नाही, कारण चारी काढलीच नाही. कालव्यापलीकडे एक तिकोनी तुकडा उरला, जेमतेम बारा आर. लेआउट टाकणारे तो मागायला तीनदा आले, सरकारी दराच्या कितीतरी पट देतो म्हणाले. मोठेबाबांनी दिला नाही. सातबाऱ्यावर नाव राहिलं पाहिजे, एवढंच म्हणाले. एक चेक घेणारा आणि दुसरा परत पाठवणारा माणूस एकच होता. पोराने वही काढली होती, पण लिहिलं काहीच नाही.

मोठेबाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं, पण सकाळी काठी टेकत त्या तुकड्यापर्यंत जाऊन येतात. येत्या रविवारी त्या मुलाला मी उमरेडला घेऊन जाणार आहे. त्याला एवढंच सांगितलं आहे की तिथं पोचल्यावर आपल्या एकांकिकेतलं शेवटचं वाक्य मोठेबाबांसमोर, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, एकदा म्हणून पाहा.